घर झालं, पण चूल कुठे?

मैत्रिणींनो, पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांवर वुनिदोगोलोआ नावाचं एक चिमुकलं गाव आहे. नाव घेताना जीभ अडखळते ना? पण तिथल्या बायकांची गोष्ट ऐकलीत, तर त्या तुम्हाला शेजारणीच वाटतील. समुद्र घरात शिरू लागला, म्हणून २०१४ साली हे गावच्या गाव सुमारे दोन किलोमीटर आत, उंचावर नेलं. ३० नवी घरं उभी राहिली. आणि आराखड्यात स्वयंपाकघरच नाही!

हसू नका हं. गाव उठवून दुसरीकडे बसवणं म्हणजे काय, हे आपल्या धाराशिव जिल्ह्यानंही भोगलंय. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती बोळवून दमलेली माणसं गाढ झोपलेली. चारच्या सुमाराला धरणी हादरली आणि दगडमातीच्या भिंती, मातीची जड माळवदं अंगावर आली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत हजारो जीव गेले. पुढं ५२ गावं नव्या जागी वसवली. आखीव रांगा, रुंद रस्ते, पक्की घरं! जीवाची भीती गेली हे खरंच. पण जुन्या गावात भिंतीला भिंत होती, हाकेला ओ मिळायची. नव्या गावात वाटीभर पीठ उसनं आणायचं तरी लांब चालावं लागे.

जिथं गाव हललं नाही, नुसती घरं मजबूत करायची होती, तिथं मात्र एक चांगलं घडलं. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेनं गावोगावच्या बायकांनाच ‘संवाद सहायक’ केलं. कालपर्यंत उंबऱ्याआड राहणाऱ्या या बायका भिंत कशी बांधली तर टिकते हे शिकल्या, घरोघरी जाऊन समजावू लागल्या, कामावर लक्ष ठेवू लागल्या. पुढं याच भागात त्यांचे बचत गट उभे राहिले.

म्हणून सांगते, उद्या तुमचं घर बांधायचं निघालं, तर ‘यांना कळतं त्यातलं’ म्हणून चहाचा ट्रे ठेवून आत जाऊ नका. नकाशा पसरला की तिथंच बसा. ओटा किती उंच, धूर कुठून जाणार, उजेड कुठून येणार, मोरी कुठं, हे विचारा. घरात सगळ्यात जास्त वावर कुणाचा असतो, सांगा बरं?