बायबलमधली गावे आणि आजचा नकाशा

बायबलमध्ये आलेली गावे नेमकी कुठे होती, हे नोंदवून ठेवण्याचा पहिला मोठा प्रयत्न चौथ्या शतकाच्या पूर्वार्धातला आहे. कैसरीयाचे बिशप युसेबिअस यांनी ग्रीक भाषेत बायबलमधल्या स्थळनामांची सूची केली आणि शक्य तिथे रोमन मैलांत अंतरे दिली. त्याच शतकाच्या अखेरीस जेरोम यांनी ती लॅटिनमध्ये आणली. जॉर्डनमधल्या मादबा येथील चर्चच्या फरशीवर सहाव्या शतकात रंगीत खड्यांनी घडवलेला पवित्र भूमीचा नकाशाही बराचसा या सूचीवरच आधारलेला आहे. युसेबिअस यांच्या काळात रस्त्यांवर मैलाचे दगड उभे होते, त्यामुळे त्यांच्या आकड्यांना आजही वजन आहे. मात्र बायबलमधली कित्येक गावे त्यांच्याही हजारेक वर्षे आधी ओस पडली होती.

पुढची अनेक शतके हे ज्ञान यात्रेकरू आणि मठवासी यांच्या हाती राहिले. यात्रेची वाट बदलली की पवित्र स्थळही सरकत असे. लूकच्या शुभवर्तमानातले अम्माऊस याचे चांगले उदाहरण आहे. यरुशलेमपासून ते ६० स्तादे (प्राचीन ग्रीक अंतरमाप) दूर असल्याचे बहुतेक हस्तलिखिते सांगतात. काही हस्तलिखितांत हा आकडा १६० आहे. युसेबिअस आणि जेरोम यांनी दूरचे अम्वास धरले. मध्ययुगात अबू घोश आणि अल-कुबैबा ही ६० स्तादांच्या हिशेबात बसणारी गावे पुढे आली. तिन्ही ठिकाणी चर्च उभी राहिली आणि वाद आजही मिटलेला नाही.

या शोधाला खरे वळण लागले १८३८ मध्ये. अमेरिकन बायबल-अभ्यासक एडवर्ड रॉबिन्सन आणि अरबी उत्तम जाणणारे मिशनरी इलाय स्मिथ यांनी होकायंत्र आणि बायबल घेऊन पॅलेस्टाइन पालथे घातले. मठांतल्या परंपरेवर विसंबायचे नाही, स्थानिक शेतकऱ्यांना गावांची नावे विचारायची, ही त्यांची रीत. हिब्रू, अरामी आणि अरबी या एकाच कुळातल्या भाषा असल्याने जुने नाव किरकोळ बदल होऊन अरबीत टिकलेले असे. यिर्मया संदेष्ट्याचे अनाथोथ त्यांना अनाता या गावात सापडले, मिखमाश मुखमासमध्ये, शिलो सैलूनमध्ये, बेथेल बैतीनमध्ये आणि गिबोन अल-जीबमध्ये. ग्रीक-रोमन राजवटीत शहरांना दिलेली नवी नावेही पुष्कळदा पुसली गेली आणि जुनी परतली. बेथशान काही शतके स्किथोपोलिस होते, नंतर ते बैसान झाले. उलट शखेमजवळ वसलेल्या निआपोलिसचे नाव तेवढे नाब्लुस म्हणून टिकून राहिले.

रॉबिन्सन यांनी युसेबिअस यांचे आकडेही हुशारीने वापरले. सूचीत अनेक गावांची अंतरे इल्युथेरोपोलिस या शहरापासून दिलेली होती, पण ते शहरच हरवले होते. ओळखता आलेल्या गावांपासून उलटा हिशेब करत ते बैत जिब्रीनपाशी पोचले. तिथे भव्य अवशेष होतेच. हा आधारबिंदू हाती आल्यावर आसपासची कितीतरी गावे शोधता येऊ लागली. १८४१ मध्ये त्यांचा प्रवासग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातल्या बहुसंख्य निश्चिती आजही टिकून आहेत, ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे.

त्यांना एक गोष्ट मात्र दिसली नाही. पश्चिम आशियात एकाच जागी शतकानुशतके मातीची घरे पडत आणि त्यांवर नवी उठत. त्यातून सपाट माथ्याचे उंच टेकाड तयार होई. त्याला तिथे ‘तेल’ म्हणतात. महाराष्ट्रात अशा जागेला पांढरीचे टेकाड म्हणतात. रॉबिन्सन यांना ही टेकाडे निसर्गनिर्मित वाटली. १८५२ च्या दुसऱ्या दौऱ्यात ते तेल अल-मुतसल्लिमच्या माथ्यावर उभे राहिले, शहराला ही जागा किती छान आहे असे त्यांना वाटले, पण प्राचीन वस्तीची खूण दिसत नाही म्हणून ते पुढे गेले. त्यांच्या पायाखाली बायबलमधले मगिद्दो शहर होते.

१८६५ मध्ये लंडनमध्ये पॅलेस्टाइन एक्स्प्लोरेशन फंड ही संस्था स्थापन झाली. तिच्यासाठी ब्रिटिश लष्करातल्या क्लॉड काँडर आणि हर्बर्ट किचनर या अधिकाऱ्यांनी १८७० च्या दशकात यार्देन नदीच्या पश्चिमेकडच्या मुलखाची मोजणी केली. एका मैलाला एक इंच या प्रमाणाचे २६ नकाशे निघाले आणि हजारो अरबी नावे कागदावर आली. याच सुमारास यरुशलेममधले फ्रेंच मुत्सद्दी शार्ल क्लेर्मों-गानो पंधराव्या शतकातला एक अरबी बखरकार वाचत होते. एका चकमकीच्या वर्णनात त्यांना ‘तेल अल-जजर’ हे नाव भेटले. त्यावरून १८७१ मध्ये त्यांनी शलमोन राजाच्या काळातल्या गेजेरची जागा सांगितली. तीन वर्षांनी तिथेच खडकावर कोरलेला एक लेख मिळाला. त्यात ‘गेजेरची सीमा’ हे शब्द हिब्रूत होते आणि शेजारी ग्रीक लिपीत एका माणसाचे नाव. गावाने स्वतःचे नाव सांगितले, असे फार थोड्या वेळा घडले आहे.

एकट्या नावावर विसंबले तर काय होते, ते बायबलमधल्या लाखीश या शहराच्या शोधातून कळते. नावाच्या साम्यामुळे उम्म लाकिस या जागेकडे अभ्यासकांचे लक्ष गेले होते. १८९० मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी तिथे खणून पाहिले, तर रोमन काळापलीकडचे काही निघेना. मग ते जवळच्या तेल अल-हेसीकडे वळले. ओढ्याने टेकाडाची एक बाजू कापून काढली होती. त्या कड्यात थरांवर थर उघडे पडले होते आणि प्रत्येक थरातली खापरे वेगळी होती. खापरांच्या घडणीवरून थराचा काळ ठरवता येतो, हे पेट्री यांनी पॅलेस्टाइनमध्ये प्रथम दाखवले. पुढच्या सगळ्या उत्खननाचा पाया त्यांनी हेसीच्या त्या कड्यावर घातला. ते टेकाड म्हणजे लाखीश, हा त्यांचा निष्कर्ष मात्र टिकला नाही.

१९२९ मध्ये अमेरिकन पुरातत्त्वज्ञ विल्यम ऑलब्राइट यांनी तेल अद-दुवैर ही जागा सुचवली. युसेबिअस यांनी लाखीश इल्युथेरोपोलिसपासून ७ मैलांवर सांगितले आहे. त्या हिशेबाला हेसी फारच लांब पडते. दुवैरचा विस्तारही मोठ्या तटबंद शहराला शोभणारा होता. जेम्स स्टार्की यांच्या उत्खननात १९३५ मध्ये वेशीजवळच्या खोलीत शाईने लिहिलेली खापरे सापडली. बाबेलच्या आक्रमणाच्या सुमाराची ती लष्करी पत्रे. त्यांतल्या एकात लाखीशच्या इशाऱ्याच्या जाळाचा आणि अजेका हे दुसरे शहर दिसत नसल्याचा उल्लेख आहे. पत्राने जागा सिद्ध होतेच असे नाही, कारण पत्र कुठूनही येऊ शकते. पण निनवे इथल्या असीरियाचा राजा सन्हेरीब याच्या राजवाड्यातल्या शिल्पपटांत लाखीशचा इ.स.पू. ७०१ चा वेढा कोरलेला आहे. त्यात दिसते तसा वेढ्यासाठी रचलेला मातीदगडांचा चढही दुवैरलाच आहे. आता या निश्चितीबद्दल फारसा वाद उरलेला नाही.

ऑलब्राइट यांचे सगळेच अंदाज असे बरोबर ठरले नाहीत. पलिष्ट्यांचे गथ त्यांनी तेल अल-अरैनी येथे धरले. १९४८ नंतर इस्राएल सरकारने अरबी नावांच्या जागी हिब्रू नावे देण्याचे काम हाती घेतले, तेव्हा या टेकाडाशेजारी उभारलेल्या नव्या शहराला किर्यात गात हे नाव मिळाले. गथ बहुधा तेल अस-साफी येथे होते, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात; शहराचे नाव मात्र आहे तसेच राहिले. या नामांतराचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. रॉबिन्सन ज्या नावांच्या आधारे चालले, ती नावे आणि ती बोलणारी अनेक गावे नकाशावरून गेली.

याउलट अल-जीबबद्दलचा रॉबिन्सन यांचा कौल खापरांनी पक्का केला. १९५६ पासून जेम्स प्रिचर्ड यांनी तिथे खोदकाम केले. खडकात कोरलेला प्रचंड गोल हौद आणि आत उतरणाऱ्या ७९ पायऱ्या निघाल्या. हौदात भरलेल्या मातीत मद्याच्या घड्यांचे, गिबोन हे नाव कोरलेले ३० हून अधिक कान सापडले. पलिष्ट्यांच्या एक्रोन शहराची खात्री पटायला १९९६ साल उजाडावे लागले. तेल मिकने येथे त्रूद दोतान आणि सेमूर गितिन यांच्या उत्खननात एका मंदिरातला लेख मिळाला. त्यात शहराचे नाव आणि तिथल्या पाच राजांची नावे आहेत.

कधी जागा पटते, पण थर जुळत नाहीत. इस्राएलांचा नेता यहोशवा याने जिंकल्याचे बायबलमध्ये सांगितलेले आय हे गाव अत-तेल येथे मानले जाते. १९३३ पासून तिथे झुदित मार्के-क्राउझ यांनी खणले. इ.स.पू. २४०० च्या सुमारास तिथली वस्ती संपली आणि इ.स.पू. १२०० च्या आसपासपर्यंत ती जागा ओसाड होती, असे निघाले. यहोशवाची कथा याच रिकाम्या काळात येते. म्हणून काहींनी आय दुसरीकडे शोधले, काहींनी कथेचाच काळ आणि स्वरूप नव्याने तपासले.

इस्राएली पुरातत्त्वज्ञ योहानान आहारोनी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिशेब मांडला, तेव्हा बायबलमधल्या सुमारे ४७५ स्थळनामांपैकी २६२ बऱ्यापैकी खात्रीने ओळखता आली होती. त्यांतली १९० टिकून राहिलेल्या नावांमुळे. ज्यांचा वाद अजून मिटलेला नाही अशा गावांत येशूचा शिष्य पेत्र याचे गाव बेथसैदा येते. गालील सरोवराच्या उत्तरेला १९८७ पासून अत-तेल नावाच्याच दुसऱ्या टेकाडावर काम झाले, पण ते पाण्यापासून दोनेक किलोमीटर आत आहे आणि बेथसैदा हे मासेमारांचे गाव. २०१६ पासून काठाजवळच्या अल-अरज येथे खोदकाम सुरू आहे. तिथल्या बायझंटाइन चर्चच्या फरशीत प्रेषितांचा प्रमुख म्हणून पेत्राला उद्देशून असलेला ग्रीक लेख २०२२ मध्ये उजेडात आला. बायझंटाइन काळातल्या भाविकांची श्रद्धा त्यातून कळते. पहिल्या शतकातले गाव त्याच जागी होते का, याचा निवाडा खालच्या रोमन थरांवरच होणार आहे.