पोच नसलेली दवंडी

गळिताचा हंगाम सुरू झाला, की मोहोळकडून सोलापुरास येणाऱ्या महामार्गावर रात्रीच्या प्रहरी उसाने शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर मंदगतीने चाललेले असतात. आणि त्यांच्या मागून हैदराबादेकडे निघालेली एखादी मोटार ताशी 80 किलोमीटरच्या, म्हणजे सेकंदास 22 मीटरच्या वेगाने येत असता, लोंबत्या वाढ्यांआड दडलेला ट्रॉलीचा मागचा दिवा चालकाच्या नजरेस पडेपर्यंत विचारास अवसरच उरत नाही. पुणे, हैदराबाद, विजयपूर आणि तुळजापूर या चारी दिशांच्या वाटा जेथे मिळतात, त्या सोलापूरच्या रहिवाशांस या संकटाचे वर्णन करून सांगावे लागत नाही.

यावर शास्त्रज्ञांनी योजलेली तजवीज अशी, की प्रत्येक वाहनाने आपले स्थान, वेग, दिशा आणि ब्रेक दाबला आहे की नाही, एवढा मजकूर सेकंदास सुमारे दहा वेळा, 5.9 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवरून चोहीकडे प्रसृत करावा. तीनशे मीटरांवरून असा इशारा मिळाला, तर वर सांगितलेल्या मोटारीच्या चालकास तेरा सेकंदांहून अधिक अवधी लाभतो. अमेरिकेने 1999 साली या कामासाठी लहरींचा पट्टा राखून ठेवला. 2010 साली त्याचे तांत्रिक मानक मंजूर झाले. 2015 मध्ये जपानात टोयोटाने, जरा निराळ्या लहरींवर, आणि 2019 मध्ये युरोपात फोक्सवॅगनने अशी यंत्रणा मोटारींत बसविली.

परंतु संदेश पाठविणे निराळे आणि तो पोहोचल्याची खात्री असणे निराळे. रजिस्टर टपालाची पोच मिळत असे. दवंडीची मिळत नसे. हलगी वाजवीत हिंडणारा कोतवाल घरोघरच्या सह्या घेत बसला असता, तर दवंडीचे प्रयोजनच संपले असते. म्हणून तो तोच मजकूर प्रत्येक चौकात पुन्हा पुकारीत असे. वाहनांच्या संदेशांसही पोच नाही. भोवतालची पन्नास वाहने एकाच क्षणी पोच देऊ लागली, तर त्या कल्लोळात पुढचा इशाराच बुडेल. भिस्त आहे ती पुनरुक्तीवर: एक संदेश हरवला, तरी पुढचा येईतो मोटार दोन-सव्वादोन मीटरच पुढे सरकलेली असते.

खरी अडचण गर्दीत उत्पन्न होते. बोलण्यापूर्वी लहरी मोकळ्या आहेत की नाहीत, याचा कानोसा प्रत्येक यंत्र घेते. पण चढाच्या अलीकडचे आणि पलीकडचे वाहन एकमेकांस ऐकू येत नाही, दोन्ही एकदम बोलतात, आणि माथ्यावर असलेल्या तिसऱ्यास दोहोंपैकी एकाचेही धड कळत नाही. दूरवर इशारा नेण्यासाठी ऐकणाऱ्या प्रत्येकाने तो पुन्हा उच्चारावा म्हटले, तर अनर्थच. तैवानी संशोधकांनी 1999 साली त्या अवस्थेला वादळाची उपमा दिली होती. त्यावरील एक उपाय मला विशेष मनोज्ञ वाटतो. मूळ वक्त्यापासून जो सर्वांत दूर, त्याने सर्वांत कमी थांबून संदेश पुढे द्यावा, आणि त्याचा आवाज ऐकताच मधल्यांनी मौन धरावे. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर वाहनांची रीघ लागते, तेव्हा यंत्रांनी हा संयम पाळला पाहिजे. संदेशांची संख्या वा लहरींची शक्ती कमी केली पाहिजे.

इतके करूनही, ज्याच्याजवळ यंत्रच नाही त्याची दवंडी कोण पिटणार? नव्या मोटारी आपसांत बोलतील. उसाची ट्रॉली आणि बैलगाडी मुकीच राहील, आणि आमच्या जिल्ह्यात धोका नेमका तेथेच आहे. म्हणून साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांस आमची विनंती आहे, की ऊसवाहतुकीच्या करारात, उसाने झाकला जाणार नाही असा मागचा दिवा आणि परावर्तक पट्टी यांची अट याच हंगामापासून घालावी, ती पाळली जाते की नाही हे वजनकाट्यावर तपासावे, आणि हे यंत्र आपल्याकडे येईल तेव्हा ते प्रथम ट्रॉलीस बसवावे.