बसगाड्यांच्या नोंदवह्या : एक उपेक्षित इतिहाससाधन

जुन्या कागदांच्या शोधांत आयुष्य वेंचणाऱ्या वाचकांपुढें बसगाड्यांचा विषय मांडणें कांहींसें विसंगत वाटेल. परंतु स्थानकाच्या फाटकाशीं उभें राहून येणाऱ्याजाणाऱ्या बसांचे क्रमांक वहींत टिपून घेणारा एक वर्ग जगांत कित्येक दशकें आहे. त्याचें काम आपल्या कामाहून जातीनें भिन्न नाहीं, असें आमचें मत आहे. तें सप्रमाण मांडावें व त्यावरून एक व्यावहारिक सूचना करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु.

आरंभीं शब्दाचा उलगडा केल्यास तो अप्रस्तुत होणार नाहीं. लॅटिन भाषेंत ‘ओम्निबुस’ म्हणजे ‘सर्वांसाठीं’. तें चतुर्थीचें बहुवचन असून आपल्या ‘सर्वेभ्यः’ या रूपाशीं जुळतें. फ्रान्समध्यें भाड्याच्या सामायिक गाडीस हें नांव पडलें. जॉर्ज शिलिबिअर यानें ४ जुलै १८२९ रोजीं तसली घोड्यांची गाडी लंडनमध्यें सुरू केली. पुढें लोकांनीं मूळ शब्द टाकून दिला व ‘बस’ हा शेवट तेवढा ठेवला. हा शेवट संस्कृतांतील ‘भ्यस्’ या प्रत्ययाचा सगोत्र होय. म्हणजे रोज लाखों लोक ज्या वाहनांत चढतात, त्याचें नांव प्रकृति गळून केवळ प्रत्ययच उरलेलें आहे! नांव आणि वस्तु यांचा संबंध असा सुटत जातो, ही गोष्ट पुढील विवेचनांतहि लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

या छंदास शिस्त लागली ती इंग्लंडांत. शिलिबिअरच्या गाडीनंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १९२९ सालीं, तेथें ‘ऑम्निबस सोसायटी’ स्थापन झाली. १९४२ सालीं इयन ॲलन यानें रेल्वे इंजिनांच्या क्रमांकांची लहानशी पुस्तिका काढली. ती पोरांच्या हातोहात गेली व पाठोपाठ बसांच्याहि पुस्तिका निघाल्या. १९४३ सालीं, युद्ध चालू असतांनाच, ‘पीएसव्ही सर्कल’ ही मंडळी एकत्र आली. प्रत्येक सार्वजनिक बसची कुळकथा लिहून ठेवावयाची, हें तिनें आपलें काम मानलें. गाडी कोणत्या मालकाकडे केव्हां आली, केव्हां विकली गेली व शेवटीं केव्हां भंगारांत निघाली, हें सर्व तींत येतें. सभासद आपापल्या गांवचीं टिपणें पाठवितात व तीं पडताळून छापलीं जातात. आपल्याकडे घरोघरचीं दप्तरें चाळून शकावल्या सिद्ध झाल्या, त्याच रीतीचें हें काम होय.

येथें एक भेद समजून घेतला पाहिजे. बसला एक क्रमांक नसतो, अनेक असतात. सरकारदरबारीं मिळालेला नोंदणी क्रमांक पाटीवर असतो. कित्येक संस्था आपल्या ताफ्यांतील गाडीस स्वतःचा निराळा क्रमांक देतात. चासी, म्हणजे ज्या सांगाड्यावर इंजिन व चाकें बसतात तो भाग, एका कारखान्याची असते व तिच्यावर तिचा क्रमांक ठोकलेला असतो. वरची बॉडी बहुधा दुसऱ्याच कारखान्यांत बांधली जाते व तिलाहि पुष्कळदां स्वतंत्र क्रमांक असतो. उतारूस यांपैकीं पाटी तेवढी दिसते. जाणत्या छांदिष्टास ठाऊक असतें कीं, पाटी ही साक्ष आहे, सिद्धान्त नव्हे.

याचें उत्कृष्ट उदाहरण म्हणजे लंडनच्या ‘आरटी’ जातीच्या दुमजली बसा. या जातीच्या ४,८२५ गाड्या बांधल्या गेल्या आणि शेवटची ७ एप्रिल १९७९ रोजीं लंडनच्या रस्त्यावरून निघाली. त्यांची मोठी दुरुस्ती हर्टफर्डशायरमधील ऑल्डनम येथील कारखान्यांत होई. तेथें बॉडी चासीवरून उचलून वेगळी करीत व दोहोंची दुरुस्ती निरनिराळ्या ठिकाणीं चाले. एखादी गाडी दुरुस्तीसाठीं आंत शिरली कीं, तिचा क्रमांक व परवाना अगोदरच तयार असलेल्या दुसऱ्या गाडीस देऊन ती लगोलग बाहेर पाठवीत. हेतु असा कीं, भरलेल्या परवान्याचा एक दिवसहि वायां जाऊं नये. आंत आलेली चासी व बॉडी कालांतरानें भलत्याच क्रमांकानें, आणि बहुधा एकमेकींपासून वेगळ्या होऊन, रस्त्यावर येत.

लंडनच्या या व्यवहारांत लबाडी कांहींच नव्हती. परंतु इतिहासकारापुढें त्यानें मोठाच पेंच टाकला. ‘अमुक क्रमांकाची बस’ म्हणजे नक्की कोणती वस्तु? या जातीच्या युद्धोत्तर आरंभींच्या बॉडींना पुढच्या छपरावर मार्गक्रमांकाची पेटी होती, नंतरच्या बॉडींना ती नव्हती. एकाच क्रमांकाच्या गाडीचीं दोन सालांतील छायाचित्रें शेजारीं ठेवलीं, तर एकांत पेटी दिसते व दुसऱ्यांत दिसत नाहीं. क्रमांकावर विसंबणारा येथें फसेल. छांदिष्टांनीं बॉडीचे क्रमांक स्वतंत्रपणें टिपले, म्हणून कोणती बॉडी कोणकोणत्या नांवांनीं हिंडली हें आज सांगतां येतें.

पोथ्या हाताळणाऱ्यांस हा पेंच नवा नाहीं. नक्कल करणारा लेखनिक मूळ प्रतीची पुष्पिका तारखेसह जशीच्या तशी उतरवितो आणि दोनशें वर्षांमागून आपण ती नकलेचीच तारीख समजतों. कधीं एका पोथीच्या फळ्यांत दुसरीचीं पानें बांधलेलीं निघतात. तेथें आपण कागद, शाई व अक्षराचें वळण तपासतों. बसच्या बाबतींत खिडक्यांची ठेवण, छपराची गोलाई व खिळ्यांच्या ओळी हेंच अक्षराचें वळण होय.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. मुंबईंत पहिली बस १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर धांवली व १९३७ सालीं दुमजली बसा आल्या. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास गेली. त्या शहराचें नांव आतां अहिल्यानगर आहे. या तारखा कोठेंहि सांपडतात. परंतु प्रत्येक गाडीचें चरित्र कोठें सांपडेल?

राज्य परिवहन महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत : पुण्याजवळ दापोडी, छत्रपती संभाजीनगरास चिकलठाणा व नागपुरास हिंगणा. बांधलेली बस बहुधा कार्यशाळेच्या जवळच्या परिवहन कार्यालयांत नोंदली जाते. म्हणून पाटीवर एमएच-१२ वा एमएच-१४ असल्यास दापोडी, एमएच-२० असल्यास चिकलठाणा आणि एमएच-४० असल्यास हिंगणा, असें अनुमान जाणते लोक करतात. गाडी कोंकणांतील आगारांत असली तरी तिचें जन्मस्थान पाटी सांगते. येथेंहि सावधगिरी हवी. अलीकडे पुष्कळ जुन्या चासींवर अल्युमिनियमच्या जागीं पोलादी बॉडी चढवून त्या पुन्हां मार्गावर आणल्या आहेत. क्रमांक तोच, गाडी दिसावयास निराळी. ऑल्डनमचा प्रश्न अशा रीतीनें निराळ्या कारणानें आपल्या दारींहि आला आहे.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें अशा बारा वह्या भरल्या आहेत. दर पानावर तारीख, वेळ, स्थळ, गाडीचा क्रमांक, गाडीवर रंगविलेलें आगाराचें नांव, पाटीवरील मार्ग व शेरा असे रकाने आहेत. शेऱ्याच्या रकान्यांत ‘आगाराचें जुनें नांव रंगाखालून दिसतें’ असें वाक्य वाचून आम्हांस खोडलेल्या मोडी ओळींची आठवण झाली. ही गाडी एका आगारांतून दुसऱ्यांत केव्हां गेली, हें त्या एका वाक्यावरून पंधरा दिवसांच्या अंतरानें ठरवितां येतें.

अशा वह्यांवर आंधळा विश्वास ठेवावा असें आम्ही म्हणत नाहीं. साधनाची परीक्षा येथेंहि केलीच पाहिजे. जागेवर लिहिलेली कच्ची वही अस्सल समजावी व घरीं बसून केलेली सुबक यादी नक्कल समजावी. दोहोंत फरक पडल्यास कच्च्या वहीस मान द्यावा. धांवत्या गाडीवरील इंग्रजी तीन व आठ हे अंक एकमेकांसारखे भासतात, तेव्हां एकदांच आढळलेला क्रमांक संशयित मानावा. ‘पाहिलें’ व ‘ऐकलें’ यांची सरमिसळ ज्या वहींत आहे, ती जपून वापरावी. छायाचित्रास तारीख नसेल, तर मागील दुकानाची पाटी किंवा भिंतीवरील जाहिरात यांवरून काल ठरविण्याचा यत्न करावा.

हें सर्व आतांच सांगण्याचें कारण असें कीं, वस्तु झपाट्यानें नाहींशी होत आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी रद्द करण्याचा नियम लागू झाला असून राज्य परिवहनाच्या बसाहि त्यांत येतात. मुंबईंतील जुन्या डिझेल दुमजली बसांची शेवटची फेरी १५ सप्टेंबर २०२३ रोजीं झाली. त्यांच्या जागीं विजेवर चालणाऱ्या नव्या दुमजली गाड्या आल्या आहेत, परंतु जुन्यांची गोष्ट त्या सांगूं शकत नाहींत. वाहकाच्या पेटींतील पातळ कागदी तिकिटें व त्यांस भोंक पाडणारा चिमटा यांची जागा यंत्रानें घेतली आहे. संग्रहालयांत एखाददुसरी गाडी राहील. ताफ्यांतील शेंकडों गाड्यांचें चरित्र राहील तें वह्यांतच.

आणि त्या वह्यांचें पुढें काय होतें, हें या मंडळींस नव्यानें सांगावयास नको. घरांतील वडील माणूस वारला कीं, मोडी रुमाल रद्दींत गेल्याचीं उदाहरणें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. रुमालाविषयीं वारसांस निदान ‘कांहींतरी जुनें आहे’ अशी शंका येई. बसच्या क्रमांकांनीं भरलेली शाळकरी वही पाहून तेवढीहि शंका येणार नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी. ज्या संग्राहकांच्या परिचयांत असा छांदिष्ट असेल, त्यांनीं त्याच्या वह्या पाहाव्या, त्यांची यादी करावी व शक्य तर छायाप्रति घ्याव्या. वहीवर लिहिणाऱ्याचें नांव, गांव व कालमर्यादा त्याच्याच हातची लिहून घ्यावी, म्हणजे पुष्पिकेचा प्रश्न मागून पडणार नाहीं. तिकिटें, वेळापत्रकें व मार्गाच्या पाट्या मिळाल्यास त्या कोठून व केव्हां मिळाल्या हें त्याच दिवशीं टिपावें. आपल्या दप्तरखान्यांतील एक कपाट यासाठीं राखून ठेवल्यास जुन्या कागदांची जागा फारशी अडणार नाहीं. पूर्वीच्या घोडेवाटांवरील चौक्या व डांकेच्या टप्प्यांचे हिशेब आज आपण आदरानें छापतों. ते लिहिणाऱ्या कारकुनांस आपण इतिहास लिहीत आहों असें वाटत नव्हतें. स्थानकाच्या फाटकाशीं उभ्या असलेल्या त्या मुलासहि तसें वाटत नसेल. त्याचें काम टिपण्याचें आहे. तें टिपण सांभाळण्याचें काम आपलें आहे.