विवाहनोंद आणि माहेरचे नाव : हिंगोली परिसराच्या संदर्भात एक टिपण

सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींच्या शोधार्थ मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरांची छाननी सुरू झाली. पुढे जानेवारी 2024 च्या शासकीय मसुद्यात ‘सगेसोयरे’ या शब्दाची व्याख्या करताना वडील, आजोबा, पणजोबा आणि त्यापूर्वीच्या पिढ्यांत जातीअंतर्गत विवाहांतून जुळलेल्या नात्यांचा निर्देश आला. या मसुद्याच्या राजकीय बाजूचा विचार येथे अभिप्रेत नाही. परंतु पणजीचे माहेर कोणते, हा एरवी ओसरीवर सुटणारा प्रश्न त्या निमित्ताने थेट कागदाला विचारला गेला, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकालाही अंतर्मुख करणारी आहे. हिंगोलीसारख्या भागात त्याचे उत्तर कोणत्या कागदात शोधावे?

इंग्लंडमधील डोंगराळ खेड्यात हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. तेथे 1538 पासून प्रत्येक धर्मग्रामाच्या पाद्र्याने विवाह, बाप्तिस्मा आणि दफन यांची वही ठेवावी असा दंडक होता. 1754 मध्ये अमलात आलेल्या कायद्याने वधूवर व साक्षीदार यांच्या सह्या आवश्यक ठरविल्या. ज्यांना लिहिता येत नसे ते फुली काढीत. त्या सह्या आणि फुल्या मोजून तेथील विद्वानांनी खेड्यापाड्यांतील साक्षरतेचा इतिहास लिहिला. यॉर्कशायरच्या माळरानावरील हॉवर्थ येथे 29 जून 1854 रोजी कादंबरीकार शार्लट ब्राँटी यांचा आर्थर बेल निकल्स यांच्याशी विवाह झाला. तत्कालीन छापील नमुन्यात वधूचे माहेरचे नाव, तिच्या पित्याचे नाव आणि व्यवसाय यांना रकाने होते, आईला नव्हता. त्यामुळे शार्लटच्या लहानपणीच निवर्तलेल्या मारिया या तिच्या मातेला त्या नोंदीत स्थान नाही. हा रकाना इंग्लंडमध्ये 2021 साली उघडला. परिपूर्ण मानल्या गेलेल्या वहीतही एक बाई अशी वगळली जात होती, हे ध्यानात ठेवूनच आपल्याकडील साधनांकडे वळले पाहिजे.

हैदराबाद संस्थानात बहुसंख्य शेतकरी कुटुंबांच्या विवाहाची अशी वही नव्हती. हिंगोलीस हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. हिंदुस्थानातील गोऱ्या अंमलदारांच्या विवाहांची विवरणे लंडनला जात आणि ती तेथे आजही जतन केलेली आहेत. छावणीला धान्य पुरविणाऱ्या कुणब्याच्या घरचे लग्न मात्र जोशाच्या पंचांगावर ठरे आणि वऱ्हाडाच्या स्मरणात राही. मुसलमान समाजात काझीचा सियाहा हे पॅरिशच्या वहीस सर्वांत जवळचे साधन होय. त्यात वधूवर, वकील, साक्षीदार आणि मेहेर यांची नोंद असते. मराठी मुलखाच्या जुन्या हिशेबांत ‘लग्नटका’ आणि विधवेच्या पुनर्विवाहावरील ‘पाटदाम’ ही कलमे आढळतात, परंतु तेथे कारकुनाला वसुलीशी कर्तव्य होते, वधूशी नव्हे. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत पिढ्यांची नावे मिळतात खरी. पण तो वंश पुरुषाकडून पुरुषाकडे जातो.

या पार्श्वभूमीवर जनाबाईच्या नावावर असलेल्या एका अभंगाचे मोल वेगळ्या अर्थाने जाणवते. कयाधूकाठचे नरसी हे परंपरेने नामदेवांचे गाव. अभंगात नामदेवांच्या घरातील माणसांची गणनाच आहे : पिता दामाशेटी, माता गोणाई, पत्नी राजाई, नारा, विठा, गोंदा, महादा हे चार पुत्र, लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या चार सुना, बहीण आऊबाई आणि लेक लिंबाई. अभंगाच्या कर्तृत्वाबद्दल आणि पाठाबद्दल शंका घेता येतील. तथापि चार विवाहांची खूण म्हणून चार सुनांची नावे ज्या यादीत टिकली ती राजाने किंवा धर्मपीठाने करविलेली नसून, घरात दळणकांडण करणाऱ्या दासीच्या मुखी घातलेली आहे. हॉवर्थच्या नोंदीत नसलेली आई येथे आहे. पण सुनांचे माहेर नाही.

ही नावे तरी त्यांची जन्माची होती काय? लग्नात तबकातील तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिण्याची रीत अनेक घरांत आहे. ‘आई’ या एकाच प्रत्ययात ओवलेली ही चार नावे सासरी मिळालेली असण्याचा संभव नाकारता येत नाही. परंपरा असेही सांगते की नामदेवांच्या कुटुंबाने समाधी घेतली तेव्हा लाडाई प्रसूतीसाठी माहेरी गेली होती आणि तिच्यामुळे वंश पुढे चालला. ज्या माहेराने वंश राखला ते अभंगात अनामच राहते, हा विरोधाभास मार्मिक आहे.

माहेरचा रकाना भरून निघतो तो ओवीत. जात्यावरची बाई भावाचे गाव, वाटेवरची नदी, नेण्यास आलेला मुराळी यांचा उच्चार नावानिशी करते. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांच्या पुढाकाराने जमलेल्या लाखाहून अधिक ओव्यांत गाणारीचे नाव आणि गाव यांची नोंद ठेवली गेली, ही त्या संग्रहाची थोर शिस्त होय. अर्थात ओवीतील गाव खरेच माहेर की यमकासाठी योजिलेले, हे प्रत्येक ठिकाणी तपासावे लागेल. ओवीला सातबारा समजून चालणार नाही.

कायद्याची वही बरीच उशिरा आली. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा 1998 चा अधिनियम आणि त्यानंतर 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याविषयी दिलेला निर्देश, हे त्यातील ठळक टप्पे. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव येऊ लागले, ही नोंद त्याच प्रवाहातील आहे. या साऱ्यांच्या आधी ज्यांची लग्ने झाली त्या हिंगोली, औंढा, सेनगाव, कळमनुरी, वसमत येथील वृद्ध स्त्रिया अजून बोलत्या आहेत. त्यांच्याकडून ओव्या टिपून घेताना माहेरचे गाव आणि लग्नापूर्वीचे नाव ओवीच्या आधी लिहून ठेवले, तर एका रकान्याचे काम पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थीही करू शकतील.