कॉलेजच्या मुलींचा फुटबॉल प्रशिक्षक: ही नोकरी चालते कशी

१९७९ च्या सुमारास अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मुलींचा एक फुटबॉल क्लब होता. मुली हौसेने खेळत होत्या आणि विद्यापीठाचा अधिकृत संघ म्हणून मान्यता मागत होत्या. ती मिळाली. प्रशिक्षक म्हणून विद्यापीठाने मुलग्यांच्या संघाला शिकवणाऱ्या तरुणालाच नेमलं. त्यांचं नाव अॅन्सन डोरन्स. जन्म १९५१ चा, मुंबईतला. वडील तेल कंपनीत अधिकारी असल्याने बालपण कोलकाता, नैरोबी, अदिस अबाबा, सिंगापूर असं फिरतीवर गेलं. याच विद्यापीठात ते स्वतः खेळले, पुढे वकिलीचा अभ्यास करता करता मुलग्यांना शिकवू लागले, आणि वकिली राहूनच गेली. मुलींच्या संघाबरोबर त्यांनी ४५ हंगाम काढले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, हंगाम तोंडावर असताना ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या नावावर २२ राष्ट्रीय विजेतेपदं आणि नऊशेहून जास्त विजय होते.

असा माणूस अपवादच. तरीही कॉलेजच्या मुलींना फुटबॉल शिकवणं हा आयुष्यभराचा पेशा होऊ शकतो, त्यावर घर चालू शकतं, हे समजून घ्यायचं तर त्यांच्यापासूनच सुरुवात करावी लागते. (अमेरिकेत या खेळाला सॉकर म्हणतात. मी इथे आपला नेहमीचा फुटबॉल हाच शब्द वापरतो आहे. त्यांच्या अंडाकृती चेंडूच्या खेळाला ‘अमेरिकन फुटबॉल’ म्हणेन.)

या नोकरीचं मूळ एका कायद्यात आहे. १९७२ साली अमेरिकेत ‘टायटल नाइन’ हे कलम आलं. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढाच त्याचा गाभा. त्यात खेळाचा उल्लेखही नव्हता, पण सर्वांत मोठी उलथापालथ खेळातच झाली. मोठ्या विद्यापीठांत एकट्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात अनेक वर्षं ८५ मुलग्यांना शिष्यवृत्ती मिळत असे. तेवढ्या संख्येचा मुलींचा खेळच नव्हता. मुलींचा आकडा वाढवायचा तर असा खेळ हवा होता, ज्यात संघ मोठा आणि साहित्याचा खर्च बेताचा. फुटबॉल त्यात चपखल बसला. कॉलेजांच्या क्रीडास्पर्धा चालवणाऱ्या ‘एनसीएए’ या संघटनेने १९८२ मध्ये मुलींची पहिली राष्ट्रीय स्पर्धा घेतली, तेव्हा तीत १२ संघ होते. आज केवळ पहिल्या श्रेणीत तीनशेहून जास्त कॉलेजांचे संघ आहेत. प्रत्येक संघाला एक मुख्य प्रशिक्षक आणि त्याच्या हाताखाली साहाय्यक लागतात. पगारी जागा तयार झाल्या त्या अशा.

या जागांपर्यंत पोचायची वाट लांब आहे. बहुतेक जण आधी कॉलेजसाठी खेळलेले असतात. खेळ संपला की तुटपुंज्या मानधनावर साहाय्यकाचं काम, कधी पुढचं शिक्षण घेता घेता. बरोबरीने अमेरिकी फुटबॉल महासंघाचे परवाने, म्हणजे लायसन्स, खालून वर एकेक करून मिळवायचे. दर जानेवारीत प्रशिक्षकांचं मोठं अधिवेशन भरतं. तिथे व्याख्यानं असतात, प्रात्यक्षिकं असतात, आणि कुठे जागा रिकामी होते आहे याची चौकशीही जोरात चालते. मग एखाद्या छोट्या कॉलेजात मुख्य प्रशिक्षकपद मिळतं. बेकी बर्ली यांनी जॉर्जियातल्या बेरी कॉलेजमध्ये अशी सुरुवात केली आणि लहान कॉलेजांच्या संघटनेची दोन विजेतेपदं मिळवली. त्या जोरावर फ्लोरिडा विद्यापीठाने त्यांना नवाकोरा संघ उभारायला बोलावलं. १९९५ मध्ये संघ मैदानात उतरला आणि चौथ्याच हंगामात, १९९८ च्या अंतिम सामन्यात, त्यांनी डोरन्स यांच्या नॉर्थ कॅरोलायनाला १-० ने हरवलं. त्या संघात पहिल्या वर्षाची एक मुलगी होती, अॅबी वॉमबाक. पुढे ती अमेरिकेची गाजलेली आघाडीची खेळाडू झाली.

वर्षाचं गणित साधारण असं असतं. ऑगस्टमध्ये सराव सुरू, महिनाअखेरीस सामने. नोव्हेंबरपर्यंत साखळी, बहुतेकदा आठवड्याला दोन सामने. मग ६४ संघांची बाद फेरी आणि डिसेंबरच्या सुरुवातीला अंतिम सामना. वसंतात थोडे मैत्रीपूर्ण सामने आणि सराव. उन्हाळ्यात शाळकरी मुलींची शिबिरं असतात, आणि अनेक प्रशिक्षकांच्या मिळकतीला त्यांचाच हातभार लागतो. हंगामातही खेळाडूंना आठवड्याला २० तासांहून जास्त राबवायचं नाही आणि एक दिवस पूर्ण सुट्टी द्यायची, असा नियम आहे. मुली विद्यार्थिनी आहेत, त्यांचे वर्ग आणि परीक्षा आहेत, हे कागदावर तरी सर्वांना मान्य आहे.

मैदानावरचे ते २० तास म्हणजे प्रशिक्षकाच्या कामाचा लहान भाग. मोठा भाग मुली शोधण्याचा. क्लबांच्या स्पर्धा असतात तिथे एकाच वेळी अनेक मैदानांवर सामने चालू असतात आणि कडेला घडीच्या खुर्च्या टाकून, कॉलेजचं चिन्ह असलेला टी-शर्ट घालून, हातात वही घेऊन प्रशिक्षकांची रांग बसलेली असते. प्रत्येकाच्या यादीत काही जर्सी क्रमांक असतात. गोल कोणी केला हे स्पर्धेच्या तक्त्यावर नंतरही कळतं, म्हणून अनुभवी माणूस वेगळंच टिपतो. चेंडू हातचा गेल्यावर मुलगी लगेच परत धावते का? बदली म्हणून बाहेर काढल्यावर बाकावर कशी बसते? सामना संपल्यावर आईवडिलांशी कशी बोलते? हे सगळं पाहायचं, पण तिच्याशी बोलायचं नाही. पूर्वी आठवी-नववीतल्या मुलींकडून तोंडी होकार घेतले जात. ते थांबवायला नियम आला, की दहावीचं वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत प्रशिक्षकाने मुलीशी भरतीबद्दल थेट संपर्क करायचा नाही. हा नियम मला फार योग्य वाटतो. तेरा वर्षांच्या पोरीने कॉलेज ठरवावं ही अपेक्षाच चुकीची होती.

मग येतो पैशाचा हिशेब. अनेक वर्षं पहिल्या श्रेणीत मुलींच्या फुटबॉल संघाला जास्तीत जास्त १४ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. संघात मात्र पंचवीस-तीस मुली. त्यामुळे १४ चे तुकडे करायचे. गोलरक्षक दोन वर्षांनी बाहेर पडणार, म्हणून तिच्या जागी येणारीला आत्ताच काही द्यायचं, मधल्या फळीतली एक स्थानिक आहे, तिची फी कमी, तिला थोड्यात भागेल, असा ताळेबंद चार वर्षं पुढचा धरून मांडावा लागे. २०२५ पासून चित्र बदललं. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या दाव्यात न्यायालयीन तडजोड झाली, आणि तिच्यात सामील झालेल्या कॉलेजांसाठी शिष्यवृत्तीची मर्यादा गेली आणि संघात २८ च मुली ठेवण्याची मर्यादा आली. पैसेवाल्या कॉलेजांना आता सर्वांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते, पण एकोणतिसावी मुलगी, जी आधी विनाशिष्यवृत्ती का होईना संघात असायची, तिला जागा उरली नाही. शिवाय २०१८ पासून कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदणी एका ठिकाणी होते. त्यामुळे आपली तयार मुलगी दुसरीकडे जाणं आणि दुसरीकडची आपल्याकडे येणं, दोन्ही सोपं झालं.

आता मैदानाकडे येऊ. डोरन्स यांनी विद्यापीठातले बास्केटबॉलचे नामांकित प्रशिक्षक डीन स्मिथ यांचा सराव पाहिला होता. तिथे प्रत्येक गोष्टीची नोंद होत असे. तेच त्यांनी फुटबॉलमध्ये आणलं आणि त्याला ‘कॉम्पिटिटिव्ह कॉल्ड्रन’ असं नाव दिलं. एकीविरुद्ध एक अशी चेंडूची झटापट, गोलवर फटके, धावण्याच्या चाचण्या, छोटे सामने. कडेला मदतनीस वही घेऊन उभे, कोण जिंकलं कोण हरलं याची नोंद चालू. मग पहिलीपासून शेवटचीपर्यंत क्रमवारी सर्वांना दिसेल अशी लावायची. त्यांचं म्हणणं असं, की सरावात मुली मैत्रिणीला हरवायला कचरतात. आकडे समोर असले की जिंकण्याची चढाओढ उघड आणि रीतसर होते. मला या पद्धतीत एक न्याय दिसतो. संघातली जागा प्रशिक्षकाच्या मर्जीवर न राहता कामगिरीवर ठरते, आणि ‘मला का घेतलं नाही’ याचं उत्तर फळ्यावर लिहिलेलं असतं. पण यादीत रोज शेवटचं नाव आपलं असणं एकोणीस वर्षांच्या मुलीला किती जड जात असेल, हेही प्रशिक्षकाला कळायला हवं. निकाल मात्र डोळ्यांपुढे आहेत. १९८६ ते १९९४ सलग नऊ राष्ट्रीय विजेतेपदं. मिया हॅम, क्रिस्टीन लिली, एप्रिल हाइनरिक्स इथल्याच. डोरन्स तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचेही प्रशिक्षक होते. १९९१ मध्ये चीनमध्ये पहिला महिला विश्वचषक झाला. त्यासाठीच्या अमेरिकी संघातल्या १८ खेळाडूंपैकी नऊ जणी नॉर्थ कॅरोलायनाच्या होत्या, आणि अंतिम सामन्यात अमेरिकेने नॉर्वेला २-१ ने हरवलं.

या नोकरीतल्या सत्तेबद्दलही बोललं पाहिजे. कोण खेळणार, कोणाला किती शिष्यवृत्ती, राष्ट्रीय संघाकडे कोणाची शिफारस, हे सगळं एकाच माणसाच्या हाती असतं. १९९८ मध्ये दोन माजी खेळाडूंनी डोरन्स यांच्यावर लैंगिक छळाचा दावा दाखल केला. मुलींच्या खाजगी आयुष्याबद्दल ते अश्लाघ्य बोलत, अशी तक्रार होती. त्यांनी छळाचा आरोप नाकारला. एका खेळाडूशी २००४ मध्ये आणि दुसरीशी २००८ मध्ये तडजोड झाली. डोरन्स यांनी माफीची पत्रं दिली आणि दुसऱ्या तडजोडीत विद्यापीठाला ३,८५,००० डॉलर भरावे लागले. विजेतेपदांच्या यादीशेजारी ही नोंदही वाचली पाहिजे. मुलींना शिकवणाऱ्या प्रत्येकाने तर ती पाठ असल्यासारखी लक्षात ठेवावी.

सामन्याचा दिवस त्या मानाने सरळ असतो, पण त्याचेही खास कॉलेजी नियम आहेत. घड्याळ उलटं चालतं, म्हणजे ४५ मिनिटांपासून शून्याकडे, आणि गोल झाला की थांबतं. शून्य झालं की खेळ बंद. पंचांच्या मनातला वाढीव वेळ नाही. पूर्वार्धात बाहेर काढलेली मुलगी त्या अर्धात परत येत नाही, उत्तरार्धात मात्र एकदा परत येऊ शकते. त्यामुळे कोणाला कधी विश्रांती द्यायची हा प्रशिक्षकाचा डाव ठरतो. २०२२ चा अंतिम सामना या नियमांत पाहण्यासारखा आहे. नॉर्थ कॅरोलायना २-० ने पुढे. शेवटच्या दहाएक मिनिटांत लॉस एंजेलिसच्या ‘यूसीएलए’ने एक गोल फेडला, आणि घड्याळात १६ सेकंद उरले असताना कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूवर रीलिन टर्नरने डोक्याने दुसरा गोल केला. जादा वेळेत यूसीएलए ३-२ ने जिंकली. त्यांच्या प्रशिक्षक मार्गरीट आओझासा यांचं मुख्य प्रशिक्षक म्हणून ते पहिलंच वर्ष होतं. सांता क्लारा विद्यापीठात खेळल्यावर स्टॅनफर्डमध्ये साहाय्यक म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं होतं.

आओझासा यांच्यासारख्या बायका या पेशात कमी का, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९७२ मध्ये अमेरिकी कॉलेजांतल्या मुलींच्या सर्व खेळांचे नव्वद टक्क्यांहून जास्त संघ बायका शिकवत होत्या. आज ते प्रमाण निम्म्याहून कमी आहे. कायद्यामुळे पगार आणि प्रतिष्ठा आली आणि त्यामागून पुरुष उमेदवार आले. नेमणारे क्रीडा संचालकही बहुतेक पुरुषच. त्यात शनिवार-रविवार सामने, भरतीसाठी महिन्यातून अनेकदा प्रवास, आणि मुलं लहान असताना ही धावपळ झेपावी अशी सोय फार थोड्या कॉलेजांत. १९८२ पासून २०२४ पर्यंत मुलींची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा जिंकलेल्या स्त्री प्रशिक्षक चारच: बर्ली, अमांडा क्रॉमवेल, एरिका डॅमबाक आणि आओझासा.

आपल्याकडे कॉलेजच्या जिमखान्यात बहुतेक ठिकाणी एकच क्रीडा संचालक सगळे खेळ पाहतात, आणि मुलींच्या फुटबॉलला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपुरती चार आठवड्यांची तयारी मिळते. पण वाट इथेही आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघामार्फत मिळणारे प्रशिक्षकाचे परवाने ‘डी’नंतर ‘सी’, ‘बी’, ‘ए’ असे वर चढतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लज भागातून आलेल्या अंजू तुरंबेकर ‘ए’ परवान्यापर्यंत पोचल्या आणि महासंघात तळागाळातल्या फुटबॉलचं काम त्यांनी सांभाळलं. तुमच्या कॉलेजच्या संघातून यंदा बाहेर पडणाऱ्या मुलींपैकी एकीला तरी विचारा, ‘डी’ परवान्याला नाव घालतेस का? आणि प्राचार्यांनो, तिने ‘हो’ म्हटलं तर तिची फी कॉलेजने भरावी आणि पुढच्या हंगामात मुलींचा संघ तिच्याकडे, पगार देऊन, सोपवावा.