कुणालाच न वाचवलेल्या होडीचा पुतळा

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या सेंट अ‍ॅन्स गावात, समुद्रकाठच्या बागेत, खडकांच्या चौथऱ्यावर एक दगडी खलाशी उभा आहे. विल्यम बर्नी ऱ्हिंड यांनी घडवलेला हा पुतळा 1888 पासून तिथे आहे. खाली 13 नावं कोरली आहेत. ज्या ‘लॉरा जॅनेट’ लाइफबोटीवरची ही माणसं, तिनं त्यांच्या शेवटच्या रात्री कुणालाच वाचवलं नाही. 9 डिसेंबर 1886 ला ‘मेक्सिको’ हे हॅम्बर्गचं शिडाचं जहाज वादळात साउथपोर्टजवळ वाळूत रुतलं आणि तीन गावांहून वल्ह्यांच्या तीन लाइफबोटी निघाल्या. लॉरा जॅनेटवरचे सगळे गेले; साउथपोर्टच्या ‘एलायझा फर्नली’वरच्या 16 पैकी 14 गेले. जहाजावरच्या बाराही जणांना आणलं ते लिथमच्या ‘चार्ल्स बिग्ज’नं, आणि तीही पहिल्याच कामगिरीवर.

मग पुतळा लिथमकरांचा का नाही? आक्षेप रास्त वाटतो, पण त्यात फळावरून धाडस मोजण्याची चूक आहे. अंधारात वल्ही मारायला लागताना तिघींपैकी कोण पोचणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शिवाय बुडालेल्यांची हिंमत कमी पडली नव्हती, होडी कमी पडली होती. उलटली तरी आपोआप सरळ व्हावी अशी तिची बांधणी. एलायझा फर्नली मात्र पालथीच राहिली आणि माणसं तिच्याखाली अडकली. पुढच्याच वर्षी लाइफबोट संस्थेनं जॉर्ज लेनॉक्स वॉटसन यांना नौकारचनेचे सल्लागार नेमलं. दगडावर पैसा उधळण्यापेक्षा घरच्यांना द्यावा, हा दुसरा आक्षेप इथे टिकत नाही. 16 विधवा आणि 50 पोरक्या मुलांसाठी लोकांनी 30 हजार पौंडांहून अधिक निधी उभा केला होता.

तिसरा आक्षेप मात्र बोचतो: पुतळा उभारला की लोक हात झटकतात. कोळ्यांनी जीव द्यायचा आणि संस्था देणग्यांवर चालायची, त्याही बहुतांशी मूठभर श्रीमंतांच्या. सेंट अ‍ॅन्सला राहणारे गिरणीमालक चार्ल्स मकारा यांना नेमकं हेच खटकलं. 1891 मध्ये त्यांनी समुद्रापासून दूर असलेल्या मँचेस्टरच्या रस्त्यांतून लाइफबोटींची मिरवणूक काढली. वरच्या मजल्यांच्या खिडक्यांपर्यंत आणि ट्रामच्या टपापर्यंत पोचतील अशा लांब काठ्यांना पिशव्या बांधल्या होत्या. 5 हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली.