नवजात अर्भकाची घरच्या घरी निगा : गडचिरोलीतील एक संशोधन

नवजात अर्भकाचे प्राण घेणारे आजार कोणते आणि त्यांवर उपाय काय, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक होते. तरीही खेड्यापाड्यांतील अर्भके त्याच आजारांनी दगावत राहिली. कारण औषध आणि आजारी मूल यांची गाठच पडत नव्हती. ही गाठ कशी घालून द्यावी, हा प्रश्न केवळ वैद्यकाच्या कक्षेतील नाही. त्यात उपकरणांची रचना येते, लोकांच्या समजुतींचा अभ्यास येतो आणि शिस्तबद्ध मोजदादही येते. या सर्वांचा मेळ घालणारे संशोधन महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात झाले, आणि त्याची नोंद पुढे जगाने घेतली.

गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा होऊन अस्तित्वात आला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे 'सर्च' या संस्थेचे काम सुरू केले. जंगल, पावसाळ्यात तुटणारे रस्ते आणि दूरदूरची गावे यांमुळे रुग्णाला दवाखान्यात आणणे कठीण होतेच. पण अंतर हा एकच अडसर नव्हता. मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांतील माणसांची आदिवासींना भीती वाटते, हे त्यांच्याशी बोलल्यानंतरच कळले. म्हणून संस्थेचा दवाखाना आदिवासी वस्तीसारखा बांधण्यात आला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव देण्यात आले. लोकांना विचारून दवाखाना उभारावा, ही कल्पना ऐकायला साधी वाटते. ती अमलात आलेली मात्र क्वचितच दिसते.

मण्यांचे मोजमाप

पहिला मोठा प्रयोग बालकांच्या न्यूमोनियावर झाला. या आजारात मूल जलद श्वास घेऊ लागते. मिनिटाला किती श्वास होतात हे मोजले, तर क्ष-किरण तपासणीवाचूनही आजाराचा अंदाज बांधता येतो. दोन महिन्यांखालील अर्भकासाठी ६० आणि त्याहून मोठ्या बालकासाठी ५० ही मर्यादा धरण्यात आली होती. अडचण अशी, की गावातील अनुभवी सुईण निरक्षर. तिने पन्नास-साठपर्यंत न चुकता मोजावे कसे? त्यावर एक साधे 'श्वासमापक' तयार करण्यात आले. फळीवर मण्यांच्या दोन ओळी आणि शेजारी एका मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी शेवटचा तांबडा मणी सरकला, तर मुलाला औषध द्यायचे. लहान अर्भकासाठी एक ओळ, मोठ्या बालकासाठी दुसरी. अभियांत्रिकीचा हा नमुना कोणत्याही सुताराला करता येण्याजोगा आहे. पण ज्या हातांत ते साधन जायचे त्या हातांचा विचार त्यात आधी झालेला आहे, आणि हेच त्याचे मोल.

हा प्रयोग ५८ गावांत झाला; तुलनेसाठी ४४ गावे निवडण्यात आली होती. उपचार मिळालेल्या न्यूमोनियाग्रस्त बालकांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के, तर तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के आढळले. हे निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पहिले अठ्ठावीस दिवस

न्यूमोनियाचे मृत्यू घटले, तरी जन्मानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांतील मृत्यूंचा प्रश्न राहिलाच. जंतुसंसर्ग, जन्मतः श्वास न घेणे, कमी वजन, अंग थंड पडणे अशी त्यांची कारणे. या काळात बाळंतीण आणि मूल यांना घराबाहेर न नेण्याची रूढी असल्याने दवाखाना जवळ असूनही उपयोग होत नसे. तेव्हा निगाच घरी नेण्याचे ठरले. थोडेफार शालेय शिक्षण झालेल्या गावातीलच स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. बाळाचे वजन व ताप पाहणे, त्याला उबदार ठेवणे, स्तनपानाबाबत मातेला मार्गदर्शन करणे, श्वास घेत नसलेल्या बाळाला साधनाने श्वास देणे ही कामे त्या शिकल्या.

यातील सर्वांत वादाचा भाग होता इंजेक्शनचा. जंतुसंसर्गाची ठरावीक लक्षणे दिसली आणि पालक रुग्णालयात जाण्यास तयार नसले, तर त्यांच्या संमतीने जेंटामायसिनची इंजेक्शने व तोंडावाटे को-ट्रायमोक्साझोल ही औषधे आरोग्यदूतानेच द्यावयाची होती. डॉक्टर नसलेल्या व्यक्तीच्या हाती सुई द्यावी काय, ही शंका रास्तच होती. तिचे उत्तर युक्तिवादाने मिळण्यासारखे नव्हते, ते आकड्यांनीच मिळायचे होते. उपचार सुरू होण्यापूर्वी जंतुसंसर्ग झालेल्या १६३ अर्भकांपैकी १६.६ टक्के दगावली होती; आरोग्यदूतांनी उपचार केलेल्या ७१ अर्भकांत हे प्रमाण २.८ टक्क्यांवर आले.

एकूण निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. निगेची व्यवस्था असलेल्या ३९ गावांत हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यूंचे प्रमाण पूर्वी ६२ होते, ते १९९७-९८ मध्ये २५.५ झाले. तुलनेच्या ४७ गावांतील बदल वजा केला, तरी ही घट ६२ टक्क्यांची ठरते. एका अर्भकामागे खर्च ५.३ डॉलर आला, आणि निगा मिळालेल्या दर १८ अर्भकांमागे एक मृत्यू टळला.

पुढचा प्रवास

एका संस्थेने निष्ठेने केलेले काम अन्यत्र तसेच साधेल काय, हा प्रश्न प्रत्येक यशस्वी प्रयोगाला विचारला जातो. घरभेटींवर आधारलेले प्रयोग बांगलादेशातील सिल्हेट आणि उत्तर प्रदेशातील शिवगड येथेही झाले. तेथेही नवजात मृत्यू घटले. घटीचे प्रमाण मात्र जागोजागी निराळे होते. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात अर्भकांसाठी घरभेटींची शिफारस केली. २०११ साली केंद्र शासनाने आशा कार्यकर्तींमार्फत ही योजना देशभर स्वीकारली. संस्थेत प्रसूती झाली असल्यास ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, घरी झाली असल्यास पहिल्या दिवशीही आशाने भेट द्यावी, असे तिचे स्वरूप आहे. गडचिरोलीत आरोग्यदूत देत असलेले इंजेक्शन मात्र आशाच्या कामात आले नाही. प्रयोगातील हा परिणामकारक भाग राष्ट्रीय योजनेत गळला, हे तिचे मूल्यमापन करताना ध्यानात घेतले पाहिजे.

आता बहुसंख्य प्रसूती रुग्णालयांत होतात आणि परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली नवजात मृत्यूंचे प्रमाण देशात हजारी २०, तर महाराष्ट्रात ११ होते. पण राज्याच्या सरासरीत दुर्गम पाड्यांचे चित्र झाकले जाते. शिवाय काही दिवसांतच माता व बाळ घरी परततात आणि उरलेले धोक्याचे दिवस घरीच जातात.

या संशोधनाचा आणखी एक धागा थेट ग्रामपंचायतीच्या दप्तरापर्यंत जातो. गडचिरोलीत प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यू घरोघर जाऊन नोंदविला गेला. मृत्यूचे कारण आईला लक्षणे विचारून ठरविले गेले. याच पद्धतीचा अवलंब करून २००१ साली सिद्ध झालेल्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने, राज्यातील बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा बरेच अधिक असल्याचे दाखविले. १९६९ च्या कायद्यान्वये जन्म व मृत्यू यांची माहिती २१ दिवसांच्या आत देणे आवश्यक आहे. परंतु जन्मून एकदाच रडलेले आणि तासाभरात गेलेले मूल पुष्कळदा मृतजन्म म्हणून लिहिले जाते, किंवा मुळीच लिहिले जात नाही. जन्माचीही नोंद नाही आणि मृत्यूचीही नाही, अशा मुलासाठी कोणत्याही आराखड्यात तरतूद होत नाही. मूल जन्मतः रडले होते काय, त्याने हालचाल केली होती काय, एवढे दोन प्रश्न घरच्यांना विचारले की ही नोंद बरोबर होऊ शकते.